ढगाची छत्री, ढगाची माकडटोपी

कोलकात्यातल्या भद्रलोकाची दोन शस्त्रं प्रसिद्ध आहेत. पहिलं काळी छत्री. ती पावसात उघडते तशी वैशाखातल्या उन्हातही उघडते, आणि ऊन-पाऊस दोन्ही नसेल तेव्हा काखेत असते. दुसरं माकडटोपी. पारा पंधराच्या आसपास आला की ती कपाटातून निघते आणि डोळे-नाक सोडून सगळं डोकं गिळून टाकते. या टोपीवरून साऱ्या देशाने बंगाल्यांची थट्टा केली आहे. सकाळी कानाला मफलर गुंडाळून पर्वती चढणाऱ्यांनी त्या थट्टेत फार जोरात हसू नये, एवढीच विनंती.

आकाशातल्या ढगांकडेही हीच दोन शस्त्रं आहेत. वरून येणारं ऊन परतवायचं ही छत्री. खालून निघणारी उष्णता अडवून धरायची ही माकडटोपी. एकच ढग एकाच वेळी दोन्ही वापरतो, आणि त्यातलं कुठलं वरचढ ठरतं त्यावर ग्रहाचं नशीब ठरतं. छत्री जिंकली तर समुद्र राहतो, आणि समुद्र राहिला तर इलिश मासा राहतो. टोपी जिंकली तर समुद्राची वाफ होते, वाफेमुळे आणखी उष्णता अडते, त्या उष्णतेने आणखी वाफ होते. ही गाडी एकदा उताराला लागली की ब्रेक लागत नाही. याला आपण बेफाम हरितगृह परिणाम म्हणू. नमुना पाहायचा तर शेजारीच शुक्र आहे. तिथल्या जमिनीचं तापमान ४६४ अंश सेल्सिअस. शिसं ३२७ लाच वितळतं.

मौज अशी की, या सगळ्या कहाणीत कोलकाता दर दोन पानांनी डोकावतं.

किटलीच्या तोंडाशी

आधी एक घोळ मिटवू. ढग म्हणजे वाफ नव्हे. कॉलेज स्ट्रीटवरच्या चहावाल्याच्या किटलीकडे नीट पाहा. तोटीच्या तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते आणि पांढरा लोट त्याच्या पुढे सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते. ती दिसतच नाही. पांढरं दिसतं ते तिचं गार होऊन झालेलं पाणी, म्हणजे बारीक बारीक थेंब. ढगाचंही तेच, त्यात थेंब असतात, उंचावर बर्फाचे कण असतात. ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा जरासा मोठा. असे दहा लाख एकत्र आले तर पावसाचा एक थेंब तयार होतो.

न दिसणाऱ्या वाफेकडे छत्री जवळजवळ नाहीच, फक्त टोपी. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. जानेवारीतल्या १६ अंशांच्या हवेपेक्षा मे महिन्यातल्या ३६ अंशांच्या हवेत तिप्पट वाफ बसते. त्या चिकट उकाड्याला बंगालीत 'भॅपसा गरम' म्हणतात. शब्द उच्चारतानाच शर्ट पाठीला चिकटतो.

डोक्यावर चारशे टॅक्सी

हावडा पुलावर तरंगणारा एखादा कापशी ढग घ्या. लांबी, रुंदी, उंची एकेक किलोमीटर. घनमीटरमागे पाणी अर्धा ग्रॅम. गुणाकार केला की ५०० टन भरतात. पिवळी अँबॅसिडर टॅक्सी टनाहून थोडी जड, म्हणजे चारशेहून जास्त टॅक्सी डोक्यावर तरंगताहेत. पडत का नाहीत? एक तर थेंब इतके बारीक की सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर खाली सरकतात, आणि खालून येणारा गरम हवेचा झोत त्याहून जोरकस असतो. दुसरं म्हणजे तेवढ्याच जागेतल्या हवेचं वजन दहा लाख टनांच्या घरात. त्यात पाचशे टन पाणी म्हणजे झालमुरीतलं मीठ.

जुलै आणि जानेवारी

छत्री आणि टोपी एकाच वेळी कशी चालते याचा पुरावा अलीपूरच्या वेधशाळेच्या नोंदींत आहे. कोलकात्यात जानेवारीत आकाश बहुतेक स्वच्छ. दुपारी साधारण २६ अंश, पहाटे १४. फरक बारा अंशांचा. जुलैत आकाश झाकलेलं. दुपारी साधारण ३२, पहाटे २६. फरक सहाच अंशांचा. ढगांनी दुपारचं ऊन छाटलं आणि रात्रीची उष्णताही बाहेर जाऊ दिली नाही. जुलैतल्या रात्री पंखा पाचावर ठेवूनही झोप का येत नाही, याचा खुलासा टोपीत आहे.

मार्च ते मे या महिन्यांत संध्याकाळी येणारी कालबैशाखी हा याच नाटकाचा सगळ्यात गाजलेला प्रयोग. दुपारी छोटा नागपूरच्या पठाराकडे ढग रचले जातात, संध्याकाळी काळीकुट्ट भिंत शहरावर येते, आणि काही मिनिटांत तापमान दहाएक अंशांनी उतरतं. त्या ढगाचा माथा पंधरा किलोमीटरच्या आसपास पोचतो. तिथे थंडी उणे साठ अंशांची. टोपी का ऊबदार असते ते इथे कळतं. २७ अंशांची जमीन दर चौरस मीटरला सुमारे ४६० वॉट उष्णता वर पाठवते, पण अवकाशात जाते ती त्या गोठलेल्या माथ्याची जेमतेम ११७. बाकीची खालीच अडकते.

उलट जमिनीलगतच्या जाड, सपाट ढगाचा माथा जवळपास जमिनीइतकाच ऊबदार. तो उष्णता अडवल्यासारखं करतो आणि सोडून देतो; ऊन मात्र झकास परतवतो. थोडक्यात, खालचा ढग छत्रीवाला, वरचा पातळ बर्फाळ ढग टोपीवाला. कालबैशाखीसारखा बुडापासून शेंड्यापर्यंत भरलेला ढग दोन्ही बाजूंनी खेळतो, आणि उष्णकटिबंधात त्याचा सामना जवळपास बरोबरीत सुटतो.

साठ वॉटचा बल्ब हे माप

हवामानशास्त्रज्ञ वॉट प्रति चौरस मीटरमध्ये बोलतात. आपण उत्तर कोलकात्याच्या जुन्या वाड्यांत लोंबणारा साठ वॉटचा पिवळा बल्ब घेऊ. पृथ्वीचा सरासरी हिशेब असा: दर चौरस मीटरला सूर्याकडून येतात साडेपाचाहून थोडे जास्त बल्ब. त्यातला तीस टक्के प्रकाश परत जातो, त्यातला जवळपास निम्मा ढगांमुळेच. आत मुरतात चार बल्ब, म्हणजे २४० वॉट. तेवढेच पुन्हा उष्णतेच्या रूपात बाहेर जातात, म्हणून संसार चालला आहे.

ढगांचा जमाखर्च यात वेगळा काढता येतो. छत्री वाचवते सुमारे ४७ वॉट. टोपी अडवते सुमारे २८. निव्वळ फायदा वीसेक वॉटचा, म्हणजे बल्बचा एक तृतीयांश. आजची पृथ्वी ढगांमुळे गार आहे, गरम नाही. उपग्रहांच्या मोजमापांवरून हे १९८९ मध्ये ठामपणे दाखवलं ते वीरभद्रन रामनाथन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. याच रामनाथन यांनी पुढे १९९९ च्या हिंदी महासागर प्रयोगात दक्षिण आशियावरून समुद्रावर पसरणाऱ्या तपकिरी धुरक्याचा माग काढला. डिसेंबरात विद्यासागर सेतू पुसट करून टाकणारं धुरकं त्याच जातीचं.

तृतीयांश बल्ब म्हणजे फार नाही असं वाटेल. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर त्याचा थेट भार चार वॉटच्या आसपास पडतो. ढगांचा हिशेब थोडा जरी हलला तरी जगभरच्या हवामान प्रारूपांची झोप का उडते, ते यावरून कळावं.

सिमला ऑफिस पुण्यात का?

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे, आणि रिक्षावाल्याला 'हवामान खातं' सांगण्यापेक्षा तेच नाव सांगितलेलं बरं. या नावामागे खात्याची भटकंती आहे. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्ता झोडपलं, मागोमाग दुष्काळ पडले, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. मुख्यालय कलकत्ता. तिथून १९०५ मध्ये सिमला, १९२८ मध्ये पुणे, १९४४ मध्ये दिल्ली. पुणेकरांनी मधला मुक्काम लक्षात ठेवला, पहिला विसरले.

सिमल्याच्या दिवसांत या खात्यात १९०६ साली एक इंग्रज साहेब रुजू झाला. जॉर्ज सिम्पसन. स्कॉटच्या १९१० च्या दक्षिण ध्रुव मोहिमेवर हवामानतज्ज्ञ म्हणून गेला, आणि खात्याने परत बोलावलं म्हणून १९१२ मध्ये सिमल्याला आला. पुढे लंडनच्या हवामान खात्याचा प्रमुख झाला. १९२७-२८ च्या सुमाराला, म्हणजे आपलं खातं पुण्याकडे सामान बांधत होतं तेव्हा, त्याने वाफेने भरलेल्या वातावरणातून किती उष्णता बाहेर जाते याचं गणित मांडलं, आणि उत्तर पाहून तो चक्रावला. खाली जमीन कितीही तापवा, बाहेर जाणारी उष्णता जागची हलेना!

कारण असं. वाफ दाट झाली की अवकाशातून जमीन दिसेनाशी होते. दिसतो तो वाफेचा वरचा थर, आणि त्याचं तापमान खाली काय चाललंय याची फिकीर करत नाही. माणूस घामाने निथळतोय, पण माकडटोपीचं बाहेरचं लोकर गारच. म्हणजे उष्णता बाहेर टाकायला कमाल मर्यादा आहे. त्याहून जास्त ऊन आत मुरू लागलं की हिशेब कधीच जुळत नाही आणि समुद्र उकळेपर्यंत पारा चढत राहतो. सिम्पसनला हा विरोधाभास वाटला, आणि त्याने तोडगा ढगांतच शोधला: ऊन वाढलं तर ढगही थोडे वाढतील आणि जास्तीचं ऊन परतवतील. माणूस छत्रीवाल्या पक्षाचा निघाला.

चाळीस वर्षांनी, १९६७ मध्ये जपानच्या कोमाबायाशी यांनी हेच कोडं सोडवलं, आणि १९६९ मध्ये अमेरिकेच्या अँड्र्यू इंगरसॉल यांनी ते शुक्राच्या संदर्भात सोडवलं. १९९२ मध्ये नाकाजिमा आणि सहकाऱ्यांनी ते आणखी पक्कं केलं. उष्णता बाहेर टाकण्याच्या या मर्यादेला आज सिम्पसन-नाकाजिमा मर्यादा म्हणतात. सिमल्याच्या पगारपत्रकावर नाव असलेला माणूस आता दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या शोधनिबंधांत दर आठवड्याला भेटतो.

पाद्रीबुवा, दुर्बीण आणि शुक्र

आता कहाणीतला माझा सगळ्यात लाडका माणूस. फादर यूजीन लाफाँ, बेल्जियमचे जेझुइट, १८६५ मध्ये कलकत्त्यात आले आणि सेंट झेव्हियर्स कॉलेजात विज्ञान शिकवू लागले. १८६७ च्या नोव्हेंबरात गच्चीवर मांडलेल्या जुजबी उपकरणांवरून त्यांनी येणाऱ्या वादळाची सूचना आधीच दिली. त्याच वादळाने कॅनिंग बंदराची वाट लावली. हा धोका हेन्री पिडिंग्टन यांनी १८५३ मध्येच पत्र लिहून सांगितला होता, पण ऐकतो कोण? हे पिडिंग्टन म्हणजे 'सायक्लोन' शब्दाचे जनक. जगभर चालणारा हा शब्द १८४० च्या दशकात कलकत्त्यात जन्मला, सापाच्या वेटोळ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून. २००६ मध्ये युरोपच्या व्हीनस एक्स्प्रेस यानाला शुक्राच्या दक्षिण ध्रुवावर दोन डोळ्यांचा महाप्रचंड भोवरा दिसला, तेव्हा पिडिंग्टनसाहेबांना स्वर्गात उचकी लागली असेल.

लाफाँकडे परत येऊ. ९ डिसेंबर १८७४ च्या सकाळी शुक्र सूर्याच्या तबकडीवरून सरकणार होता. इटलीहून पिएत्रो ताक्किनी यांची तुकडी वर्णपटमापक घेऊन बंगाल प्रांतातल्या मद्दापूरला आली, आणि लाफाँ त्यांना जाऊन मिळाले. त्या दिवशीच्या निरीक्षणांवरून ताक्किनींनी सांगितलं की शुक्राच्या वातावरणात पाण्याची वाफ असल्याच्या खुणा दिसतात. बेफाम हरितगृहाचा सगळा खेळ ज्या वाफेवर चालतो, तिची शुक्रावरची चाहूल घेण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न, आणि तो झाला बंगालच्या डिसेंबरातल्या सकाळी.

वाफ खरंच दिसली का? मला शंका आहे. शुक्रावर आज वाफ दहा लाख भागांत वीस-तीस भाग, आणि मधे आपली स्वतःची दमट हवा. पण ताक्किनी चुकले असले तरी ते एकटे नव्हते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी किती तापेल याचं पहिलं गणित १८९६ मध्ये करणाऱ्या स्वान्ते आऱ्हेनियस यांनीच पुढे १९१० च्या दशकात शुक्र म्हणजे चिंब ओलं, दलदलीचं जंगल असं चित्र रंगवलं. कार्बनचा हिशेब ज्याला सगळ्यात आधी जमला, तो शुक्राच्या ढगांनी फसला. बाहेरून पाहिलं तर पांढरेशुभ्र ढग. आत सुंदरबन असेल असं वाटणारच.

लाफाँनी परतल्यावर लगेच, १८७५ मध्ये, कॉलेजात वेधशाळा उभी केली. १८७६ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी विज्ञानसंस्था काढली तेव्हाही ते खांद्याला खांदा लावून होते. त्याच संस्थेत, बऊबाजार स्ट्रीटवर, १९०७ पासून एक सरकारी हिशेबनीस फावल्या वेळात प्रयोग करायला येऊ लागला. त्याचं नाव चंद्रशेखर वेंकट रामन. जगदीशचंद्र बोस तर लाफाँचे थेट विद्यार्थी. एका पाद्रीबुवाच्या खात्यावर इतकं पुण्य पुरे.

शुक्राचं उलटं गणित

लोकांना वाटतं, शुक्र सूर्याच्या जवळ म्हणून तापला. बल्ब मोजा. शुक्राला पृथ्वीच्या १.९ पट ऊन मिळतं, म्हणजे सरासरी जवळपास अकरा बल्ब. पण त्याचे गंधकाम्लाचे ढग त्यातले तीन चतुर्थांश परत पाठवतात. आत मुरतात तीनहून कमी. आपले चार, त्याचे पावणेतीन! ढगांमुळे शुक्र पृथ्वीपेक्षा कमी ऊन खातो, आणि तरीही भट्टी झाला आहे. जमिनीपर्यंत तर शंभरातले जेमतेम अडीच भाग ऊन पोचतं. एवढी मोठी छत्री सूर्यमालेतल्या दुसऱ्या कुठल्या खडकाळ ग्रहाकडे नाही. पण टोपी त्याहून मोठी: ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दाब आपल्या नव्वद पट, आणि वर ते ढगही उष्णता अडवायला हातभार लावतात.

शुक्राकडे कधीकाळी पाणी होतं याचा माग जड हायड्रोजनमध्ये लागला. १९७८ मध्ये पायोनियर व्हीनसने मोजलं तर त्याचं प्रमाण पृथ्वीच्या शंभराहून अधिक पट. वाफ वर गेली, उन्हाने फुटली, हलका हायड्रोजन पळाला, जड मागे राहिला. गाळणीत चहापत्ती राहते तसा.

एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. शुक्राच्या ढगांतच, सुमारे ५५ किलोमीटर उंचीवर, तापमान २७ अंशांच्या आसपास आणि दाब पृथ्वीच्या निम्मा. ४६४ अंशांच्या नरकावर कोलकात्याची हिवाळी दुपार तरंगते आहे. १९८५ मध्ये सोव्हिएत व्हेगा यानांनी त्या थरात दोन फुगे सोडले, आणि ते दीड-दोन दिवस मजेत वाहत राहिले. आम्ल अंगावर येतं, एवढं सोडलं तर जागा चांगली आहे.

दिवसा ढग की रात्री?

आता सगळ्यात चुरशीचा भाग. २०१३ मध्ये कॉलिन गोल्डब्लाट आणि सहकाऱ्यांनी नवं गणित मांडलं. वाफेने भरलेल्या वातावरणातून बाहेर जाऊ शकते जास्तीत जास्त २८२ वॉट, म्हणजे पावणेपाच बल्ब. आणि तसंच वाफाळलेलं पण ढग नसलेलं आकाश आजच्या सूर्यापासून आत घेईल २९४. खर्च कमी, जमा जास्त! कागदावर तरी ढगांवाचूनची वाफाळ पृथ्वी बेफाम तापत राहू शकते. त्याच वर्षी पॅरिसच्या जेरेमी लेकाँत यांच्या गटाने त्रिमिती प्रारूप चालवलं आणि दिलासा दिला. खऱ्या पृथ्वीवर सगळीकडे सारखी वाफ नसते. सहारा, थर यांसारख्या पट्ट्यांवरची कोरडी हवा गाडीच्या रेडिएटरसारखी उष्णता बाहेर फेकते. त्यामुळे उंबरठा सरकतो आणि ऊन आजच्यापेक्षा दहाएक टक्क्यांनी वाढेपर्यंत समुद्र टिकतो. सूर्य तितका प्रखर व्हायला अब्जभर वर्षं लागतील. पण त्याच प्रारूपात एक चिमटा होता: पृथ्वी तापत गेली तसे ढग वर सरकले, आणि छत्रीपेक्षा टोपी वाढली. सिम्पसनसाहेबांना हे आवडलं नसतं.

तांबड्या बुटक्या ताऱ्यांभोवती काही ग्रह असे की त्यांची एक बाजू कायम ताऱ्याकडे. तिथे दुपारचे बारा कधी टळतच नाहीत. जुन यांग, निकोलस कोवन आणि डोरियन अॅबट यांनी, पुन्हा २०१३ मध्येच, दाखवलं की अशा ठिकाणी भर दुपारच्या जागीच ढगांचा जाड घुमट तयार होतो. छत्री नेमकी डोक्यावर. असे ग्रह ताऱ्याच्या बरेच जवळ जाऊनही पाणी राखू शकतात.

शुक्रही फार हळू फिरतो. स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवसांची. मग त्यालाही ही छत्री मिळाली असेल का? २०१६ मध्ये मायकेल वे यांच्या गटाने म्हटलं, हो. जुना शुक्र बराच काळ राहण्याजोगा असू शकेल. २०२१ मध्ये मार्टिन टर्बे यांच्या गटाने सांगितलं, छे. त्यांचं म्हणणं, सुरुवातीला पाणी वाफेच्या रूपातच होतं. वरूनच ऊन शोषलं गेल्याने दिवसाच्या बाजूला हवा उसळलीच नाही, म्हणून ढग नाहीत. ढग जमले रात्रीच्या बाजूला. दिवसा छत्री घरी, रात्री मात्र माकडटोपी कानांपर्यंत. असा ग्रह गार कसा व्हावा? पाऊस पडलाच नाही, समुद्र झालाच नाही. पृथ्वी वाचली, कारण आपल्या वाट्याला आलेलं कोवळ्या सूर्याचं ऊन पुरेसं मंद होतं. भांडण अजून सुरू आहे. मला विचाराल तर टर्बे यांची बाजू जड वाटते, कारण आधी समुद्र गृहीत धरून मग तो टिकवणं सोपं आहे; समुद्र मुळात कसा जमला ते सांगणं अवघड.

इथल्या छत्रीला भोक

आपण कितीही धूर केला तरी पृथ्वीचा शुक्र होणार नाही, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून निवांत व्हावं असं मात्र नाही. समुद्रांवर मैलोन्‌मैल पसरलेले सपाट खालचे ढग हे आपले सगळ्यात प्रामाणिक छत्रीवाले. कॅलिफोर्नियातल्या टॅपिओ श्नायडर यांच्या गटाने २०१९ मध्ये संगणकावर दाखवलं की कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १२०० भागांच्या पुढे गेला तर हे ढग विस्कटतात, आणि एकट्या त्या घटनेने पृथ्वी आठ अंशांनी तापू शकते. आजचा आकडा ४२० च्या वर आहे.

धुराचीही गंमत अशीच दुतोंडी. हवेतल्या कणांमुळे ढगातले थेंब बारीक आणि संख्येने जास्त होतात, ढग अधिक पांढरा होतो. जहाजांच्या मागे समुद्रावर पांढऱ्या रेघा उमटायच्या त्या यामुळेच. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातलं गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं, आणि रेघा कमी झाल्या. फुप्फुसांना बरं झालं, छत्री थोडी फाटली.

पुण्यातली जमीन, कलकत्त्यातला माणूस

रामन यांच्या कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत तयार झालेले एल. ए. रामदास नंतर हवामान खात्यात गेले. पुण्याच्या निरभ्र, शांत रात्री त्यांनी थर्मामीटर लावले आणि १९३२ मध्ये एस. आत्मनाथन यांच्यासह जाहीर केलं की सगळ्यात गार हवा जमिनीला टेकून नसते, ती वीत-दोन वीत वर असते. पुस्तकं उलट सांगत होती. लोक म्हणाले, मोजमाप चुकलं असेल. चुकलं नव्हतं. आज त्याला रामदास थर म्हणतात. ढगाळ रात्री हा थर दिसत नाही, कारण वरची टोपी जमिनीलगतच्या हवेला तेवढं गार होऊच देत नाही.

ढगांचा हा सगळा हिशेब जवळून लावायला पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेची माणसं महाबळेश्वरला ढगांच्याच पोटात प्रयोगशाळा थाटून बसली आहेत. पावसाळ्यात तिथे खिडकी उघडली की नमुना आपणहून आत येतो.

शुक्राच्या ढगांसाठी मात्र तिकडेच जावं लागेल. भारताच्या शुक्र मोहिमेला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली आहे. खर्च १,२३६ कोटी रुपये, उड्डाण मार्च २०२८ मध्ये ठरलं आहे. तोवर पहाटे किंवा संध्याकाळी शुक्राची चांदणी दिसली की जरा थांबून बघा. एवढी झळाळते ती ढगांची छत्री. टोपी इथून दिसत नाही.